दाजींनी आवळलेला व्हॉल्व्ह

सगळं इंजिन तयार होतं आणि अंगठ्याएवढ्या एका व्हॉल्व्हसाठी अडलं होतं. हे वाक्य मी त्या काळात इतक्या जणांना ऐकवलं की कारखान्यात मी दिसलो की कुणीतरी आपणहूनच विचारायचं, "काय, अडलंय न्हवं अजून?" मग सगळे हसायचे. मीही हसावं अशी त्यांची अपेक्षा असायची. मला हसू यायचं नाही.

इंजिन म्हणजे कपाटात ठेवायचं खेळणं नव्हतं. खरं वाफेचं रेल्वे इंजिन, फक्त गुडघ्याएवढं. तांब्याचा बॉयलर, आत खरा कोळसा, खरा जाळ, आणि एकमेकांपासून पाच इंचांवर बसवलेल्या दोन रुळांवर माणसाला ओढून नेईल एवढी ताकद. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं होतं, त्यात असल्या इंजिनावर बसलेला एक टकला माणूस आणि त्याच्यामागे फळीवर बसलेली पोरं असा फोटो होता. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी करायचो, घरी एक जुना लेथ होता, आणि कळंब्याच्या बाजूला घराभोवती थोडी मोकळी जागा होती. एवढ्या भांडवलावर मला वाटलं की हे आपल्याला जमेल. जमलंही. चाकं ओतून घेतली, सिलिंडर बोअर केले, बॉयलरला चांदीचा जोड दिला, थंड पाणी दीडपट दाबानं भरून तो तपासला. घराभोवती रुळांचा फेरा टाकला. मागची ट्रॉली तर मी सगळ्यात आधी केली होती. माझी लेक तेव्हा पहिलीत होती. तिला भिंतीशी बसवून, गुडघ्यापर्यंत माप घेऊन, तिच्या बेतानं फळी कापली होती.

"पप्पा, मी कधी बसायचं?" ती दर रविवारी विचारायची.

"व्हॉल्व्ह झाला की."

व्हॉल्व्ह म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफ ठरलेल्या दाबाच्या वर गेली की त्यानं आपोआप उघडायचं आणि जादाची वाफ बाहेर सोडायची. माझ्या बॉयलरच्या दाबाच्या गेजवर लाल रेघ पाच किलोवर होती. तिच्यापुढे काटा गेला आणि व्हॉल्व्ह उघडला नाही, तर बॉयलर आपली वाट आपण करून घेणार, आणि त्याच्या मागे दोन हातांवर माझी पोरगी बसलेली असणार. म्हणून बाकी सगळ्यात मी तडजोड केली, यात करणार नव्हतो. पण तडजोड न करणारा माणूस कोल्हापुरात किती एकटा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिला सल्ला आला कुकरच्या शिट्टीचा. तो देणारे इतके निघाले की मी मोजायचं सोडलं. कुकरची शिट्टी एक किलोच्या आसपास उडते, आणि रुळांच्या सांध्यावर इंजिन हिसकलं की ती नुसत्या धक्क्यानंही उडेल, हे मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "मग दोन शिट्ट्या लावा की."

मग कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह. दुकानदारानं काउंटरवर ठेवला तो पेरूएवढा होता. माझ्या इंजिनाच्या डोक्यावर तो बसवला असता तर इंजिन त्याच्याखाली शोधावं लागलं असतं. शिवाय आत रबराची बैठक, जी वाफेत महिनाभरही टिकली नसती.

"हा किती दाबाला उघडतो?" मी विचारलं.

"धा किलो. घ्या पावणं, बिनधास्त. काय बी हुनार न्हाय."

काहीच होणार नाही हीच तर माझी भीती होती. व्हॉल्व्ह दहा किलोपर्यंत गप्प बसला असता आणि त्याच्या कितीतरी आधी बॉयलर बोलला असता. दुकानदाराला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मग बॉयलर जाड करा." लहान इंजिनासाठी लहान व्हॉल्व्ह मागणारा मीच मूर्ख आहे, अशा चेहऱ्यानं त्यानं तो व्हॉल्व्ह परत खोक्यात ठेवला.

कारखान्यातल्या एकाचा भाऊ परदेशी होता. त्याला चिठ्ठी लिहून एक तयार व्हॉल्व्ह मागवला. आला तेव्हा दिवाळीसारखा आनंद झाला. सुबक, पितळी, करंगळीएवढा. पण त्याचे आटे! त्यांचं माप आमच्याकडच्या आटे पाडायच्या एकाही टॅपशी जुळेना. उद्यमनगरात लोक विमानाचा भागसुद्धा बघून करून देतील, पण ते आटे कुणाकडे नव्हते. मधे एक जोड करून बसवला तर व्हॉल्व्ह इतका उंच गेला की वरचं झाकण बसेना. ते चित्र बघून मी पाना भिंतीवर फेकला. भिंतीवर तो टवका अजून आहे.

शेवटी स्वतःच करायला बसलो. प्रकार साधा दिसतो. खाली भोक, भोकावर गोळी, गोळीवर स्प्रिंग, आणि स्प्रिंग दाबून धरणारा नट. नट आवळला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, सैल केला की लवकर. सायकलच्या छर्‍याची गोळी लावली, ती गंजून बैठकीला चिकटली. स्टेनलेसची गोळी आणली तर स्प्रिंग दगा देऊ लागली. बॉलपेनची स्प्रिंग गरम झाली की तिचा जीवच जायचा. चांगली तार मिळाली ती कुठे, तर दातांच्या डॉक्टरकडे. वाकड्या दातांना लावतात ती स्टेनलेसची तार. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाचे दात?" मी म्हटलं, "इंजिनाचे." ते हसले आणि त्यांनी गुंडाळीच दिली. त्या सगळ्या वर्षांत मला शहाणपण न शिकवता मदत करणारा तो एकच माणूस.

भोक बारीक ठेवलं तर व्हॉल्व्ह उघडायचा, पण जाळ जेवढी वाफ करतोय तेवढी बाहेर जायची नाही, आणि काटा चढतच राहायचा. भोक मोठं केलं तर एकदम उघडून सगळा दाब घालवून बसायचा, वर गरम पाण्याचा फवारा. इंजिन अर्ध्या फेऱ्यात उभं राहायचं आणि मी त्याच्यासमोर काळ्या हातांनी उकिडवा बसलेला. प्रत्येक चाचणीला इंजिन पेटवावं लागायचं, आणि पेटवायला मला रविवारच मिळायचा. त्यात कधी लग्न, कधी बारसं, कधी पाऊस. लेक दुसरीत गेली, तिसरीत गेली.

तिच्या चौथीच्या वर्षी जमलं. एकसारखे दोन व्हॉल्व्ह केले, एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. लाल रेघेच्या जरा अलीकडे दोन्ही कुजबुजायला लागायचे, रेघेवर आले की फुस्स करून उघडायचे आणि काटा तिथंच थांबायचा. कुजबुज मला संगीतासारखी वाटायची. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती गळती वाटायची.

यात त्यांची चूक नव्हती, ती आमच्या गावाची रीत आहे. इथं निम्मं गाव यंत्रं करतं आणि निम्मं दुरुस्त करतं. ज्याच्या यंत्रातून थेंब गळतो त्याची लाज निघते. आणि इथं दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायला विचारावं लागत नाही. पाहुणा चहा पितो, गप्पा मारतो आणि जाताना एखादा नट आवळून जातो. तो त्याचा चांगुलपणा असतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तर या बाबतीत सगळ्यांचे गुरू. त्यांचं जयसिंगपूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. दुरुस्त केलेल्या पंपाखाली ते वर्तमानपत्र पसरून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला कोरडा कागद दाखवायचे. माणूस मोठ्या मनाचा, आवाज त्याहून मोठा. आमच्या घरात दाजींचा मान असा की ते आले की माझे वडील खुर्चीवरून उठायचे. दाजींना उलट बोलायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते घरात हवेसारखं होतं.

त्या रविवारी ताई आणि दाजी जेवायला आले होते. सकाळी मी दोन्ही व्हॉल्व्ह लावून, तपासून ठेवले होते. दुपारी लेक पहिल्यांदा बसणार होती. तिनं नवा फ्रॉक घातला होता. बारीक जाळ ठेवून मी पंगतीला बसलो. दाजींचं जेवण आधी आटपलं, ते हात धुऊन बाहेर गेले.

मी आलो, कोळसा टाकला, लेकीला ट्रॉलीवर बसवलं. काटा चढू लागला. कुजबुज ऐकू येईना. मला वाटलं, पोरगी बडबडतेय म्हणून येत नसेल. काटा लाल रेघेला टेकला. आवाज नाही. रेघेच्या पुढे गेला. मी बोटानं गेजवर टिचकी मारली, काटा हलला आणि आणखी पुढे गेला.

त्यानंतरचं मी विचार करून केलं नाही. लेकीला दंडाला धरून उचललं आणि बायकोच्या दिशेनं जवळजवळ फेकलं. शिट्टीची दांडी ओढून धरली आणि दुसऱ्या हातानं कोळशाखालच्या जाळीची पिन काढली. सगळा जाळ रुळांच्या मधे पडला. शिट्टी वाजत राहिली, कानठळ्या बसतील अशी, आणि काटा हळूहळू मागे आला. लेक टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, शिट्टी तिच्यासाठी होती.

बायकोला मात्र माझा चेहरा दिसला होता.

"काय झालं वो?" ती म्हणाली.

मी व्हॉल्व्हकडे बघत होतो. दोन्ही नट तळाला टेकलेले. स्प्रिंग दाबून दाबून तिच्या वेढ्यांत फट उरली नव्हती. हे व्हॉल्व्ह आता जन्मात उघडले नसते.

"गळत हुतं की," मागून दाजी म्हणाले. "तुमी जेवत हुता, म्हटलं कशाला उठवायचं. दोन्ही बी आवळलं. आता बघा, टिपूस न्हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर पंपाखालचा कोरडा कागद दाखवताना असायचा तो आनंद होता. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. ताई दारात उभी होती. मी गिळल्या. म्हणालो, "दाजी, पान खाणार का?"

रात्री बायकोनं निकाल दिला. "तुमचा हात लागू दे, दाजींचा लागू दे, न्हायतर आणि कुणाचा. ते आपसूक उघडतंय हे मला माझ्या डोळ्यांनी दिसल्याबिगर पोरगी त्याच्यावर बसणार न्हाय." तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

आता चांगला व्हॉल्व्ह पुरेसा नव्हता. कोल्हापुरात टिकेल असा व्हॉल्व्ह हवा होता. परदेशी मासिकात व्हॉल्व्हवर पानंच्या पानं लिहिलेली होती, पण दाजींपासून तो कसा वाचवावा यावर एक ओळ नव्हती. त्या लोकांना दाजी नसावेत. मी नटाच्या खाली एक नळी घातली, म्हणजे नट ठरावीक जागेच्या खाली जाणारच नाही. आठवड्यानं शेजारच्या एका हौशी माणसानं नळी काढून ठेवली आणि सांगितलं, "आत काहीतरी अडकलं होतं." मग वर टोपी केली. टोपीत वाफ कोंडून व्हॉल्व्ह थडथडायला लागला. टोपीला भोकं पाडली तर त्याची कुजबुज आणखी वाढली, म्हणजे आवळणाऱ्यांचे हात आणखी शिवशिवणार. शेवटी ठरवलं की कुजबुजणारा व्हॉल्व्हच नको. रेघेपर्यंत मुका राहणारा आणि रेघेवर एकदम फट्कन उघडून, थोडा दाब उतरला की तसाच फट्कन मिटणारा हवा. असा व्हॉल्व्ह असतो, पण त्यातल्या एका कड्याची फट केसाएवढी चुकली की तो एकतर कुजबुजतो किंवा मिटतच नाही.

त्या केसाएवढ्या फटीनं माझी वर्षं खाल्ली. मधे वडील आजारी पडले आणि गेले. कारखान्याचं काम कमी झालं, मग एकदम वाढलं. मग भारनियमन सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी लेथ लावावा आणि चक फिरता फिरता थांबावा, हे इतक्या वेळा झालं की मी अंधारात हातानं चक फिरवून पाहिलेला आहे.

लेक आधी दर रविवारी विचारायची. मग कुणी पाहुणे आले की विचारायची. मग विचारायची थांबली. पुढं पाहुण्यांनी मला विचारलं की माझ्याआधी तीच उत्तर द्यायची, "अजून व्हॉल्व्ह." ती चेष्टा नसायची, माहिती असायची. पप्पा ऑफिसला गेलेत, दूध आलंय, अजून व्हॉल्व्ह. ते मला फार लागायचं.

ती अकरावीत गेली त्या वर्षी फट जमली. या वेळी मी टोपीला तार ओवली आणि तारेला विजेच्या मीटरला असतं तसं शिशाचं सील मारलं. दाजी दिवाळीला आले, इंजिनापाशी गेले आणि सील बघून थबकले.

"हे कुनासाठी?" त्यांनी विचारलं.

"असंच. कुणाचा हात लागू नये म्हणून."

"कुनाचा म्हंजे? आमचाच न्हवं? पावणं, आमी काय चोर हाय व्हय?"

फराळाचं ताट तसंच राहिलं. ते निघून गेले. भाऊबीजेला ताई एकटी आली, ओवाळलं आणि ताटात बघत म्हणाली, "ते यायचं न्हाय म्हणालं." आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. एका शिशाच्या गोळीपायी ताईचं माहेर तुटायची वेळ आली. मी असा चिडलो होतो की ते इंजिन भंगारात घालायला निघालो. खरंच निघालो होतो, टेम्पोवाल्याला विचारून आलो होतो.

तोडगा बायकोनं काढला. "सील मारायची पक्कड दाजींच्याच हातात द्या की," ती म्हणाली. "मान त्यांचा हाय न्हवं?"

मी जयसिंगपूरला गेलो. दुकानात पंपाखाली कागद पसरलेला होता. दाजींनी वर बघितलं नाही. मी सीलची पक्कड आणि शिशाच्या गोळ्या त्या कागदावर ठेवल्या आणि म्हणालो, "दाजी, दाब मी लावतो. पण सील तुमच्या हातचं पाहिजे. घरात दुसऱ्या कुणी मारलेलं चालायचं नाही."

त्यांनी पक्कड उचलून उघडमीट करून बघितली. मग म्हणाले, "आयतवारी गाडी कितीला असती?"

ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी व्हॉल्व्हचा दाब लावला, त्यांनी काटा बघितला, खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हातांनी सील दाबलं. त्यानंतर इंजिनाचे मालक तेच झाले. शेजारचा तो हौशी माणूस कुंपणावरून वाकून बोट दाखवायला लागला तर दाजी गरजले, "ए, लांब हो! सील हाय त्येला!" मला हसावं की रडावं कळेना. पहिल्याच वर्षी हे सुचलं असतं तर?

त्याच दिवशी बायको व्हॉल्व्हची परीक्षा घेणार होती. चाकांना ओंडके लावले, जाळ फुलवला आणि बायको गेजसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काटा चढला. रेघेपर्यंत चिटपाखराचा आवाज नाही. रेघेवर फट्कन उघडला, वाफेचा खांब छपरापर्यंत गेला, काटा थबकला, थोडा उतरला आणि व्हॉल्व्ह मिटला. तिनं आणखी कोळसा टाकायला लावला. पुन्हा तसंच. मग पुन्हा.

"गळतंय जनू," शेजारी कुंपणावरून म्हणाला.

"गळत न्हाय ते, सोडतंय," दाजींनी त्याला सुनावलं. "अक्कल असंल तर गप बघ."

बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बसू दे आता."

मी लेकीला हाक मारली. ती क्लासला निघाली होती. अकरावी सायन्स, पाठीला सॅक, हातात स्कूटीची किल्ली. बाहेर आली, आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे, तिनं सॅक काढून आईकडे दिली आणि ट्रॉलीवर बसली. फळी पहिलीतल्या पोरीच्या मापाची. तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. पाय ठेवायला जागा नव्हती, ते तिनं दोन्ही हातांनी वर धरून ठेवले.

मी ओंडके काढले, वाफेची दांडी ओढली. इंजिन निघालं, मी शेजारून चालत. घराच्या मागून, हौदाजवळून, पेरूच्या झाडाखालून, जिथं फांदी तिच्या डोक्याला लागेल म्हणून ती वाकली. झाड लावलं तेव्हा ते तिच्यापेक्षा बुटकं होतं. एक फेरा पुरा झाला. दाजींनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून बघितलं.

ती उतरली, ड्रेस झटकला, मागे लागलेली काजळी बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "छान झालंय हं, पप्पा. खरंच छान."

तो सूर मला ओळखीचा होता. ती लहान असताना घराचं, डोंगराचं, कधी इंजिनाचं चित्र काढून लेथपाशी घेऊन यायची, तेव्हा मी तिला याच सुरात तेच म्हणायचो.

स्कूटी फाटकाबाहेर गेली. इंजिनात अजून भरपूर जाळ होता. माझ्या पाठीमागे व्हॉल्व्ह फट्कन उघडला, जिथं उघडायला हवा तिथंच. मी काट्याकडे बघितलं नाही.